गेममधल्या करवती कडा: मॉड काय गुळगुळीत करतो आणि काय करू शकत नाही

"काका, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं, गेमची सगळी सेटिंग सर्वांत वरच्या अल्ट्रावर ठेवली, तरी विजेच्या तारा तुटक आणि गाडीचा टप करवतीसारखा का दिसतो?" सुट्ट्या लागल्या की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. घरच्यांना वाटतं, कार्डच खराब लागलं. दुकानात सांगतात, याच्या वरचं मॉडेल घ्या. मित्र सांगतात, मॉड (गेमला बाहेरच्या कुणी केलेली जोड) टाक, सगळं गुळगुळीत होईल. यातलं काहीही करण्याआधी या कडा मुळात होतात कशा हे समजून घेतलं, तर पैसे वाचतात आणि मनस्तापही. तुटकी तार आणि करवती टप या तक्रारी एकाच श्वासात सांगितल्या जातात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. मॉड त्यातल्या एकीवरच चांगला चालतो.

## तिरकी रेघ आली की पायऱ्या पडतात

नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर १,९२० उभे स्तंभ आणि १,०८० आडव्या ओळी असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका वेळी एका पिक्सेलचा रंग एकच असतो. अर्धा आभाळाचा आणि अर्धा भिंतीचा, असा पिक्सेल नसतो.

मॅटीच्या कापडावर दुसूतीचं भरतकाम कुणी करताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. चौकटीची उभी-आडवी रेघ अगदी सरळ येते, पण वेलाची तिरकी फांदी काढायला घेतली की पायऱ्या पडतात, कारण टाका घालायला घरं चौकोनीच आहेत. ज्यांचा हात बसलेला असतो त्या मग फांदीच्या कडेच्या घरात मधल्या छटेचा दोरा घालतात. हिरवी फांदी आणि पांढरं कापड यांच्यामध्ये एक पोपटी टाका. लांबून पाहिलं की पायरी दिसेनाशी होते. गेममध्ये कडा गुळगुळीत करण्याच्या सगळ्या पद्धती शेवटी हेच करतात. त्यांना मिळून अँटी-एलिअसिंग म्हणतात. खरा प्रश्न एवढाच असतो की मधली छटा नेमकी कोणती, आणि ती कुठून कळणार?

कार्ड चित्र कसं काढतं ते पाहा. गेममधली प्रत्येक वस्तू छोट्या-छोट्या त्रिकोणांची बनलेली असते. कार्ड प्रत्येक पिक्सेलच्या बरोबर मध्यबिंदूपाशी एकच प्रश्न विचारतं: हा बिंदू त्रिकोणाच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर त्रिकोणाचा रंग, बाहेर असेल तर मागचा. कडा पिक्सेलच्या पाव भागातून गेली की पाऊण भागातून, हे कुणी विचारतच नाही.

आता हाच प्रश्न एका पिक्सेलमध्ये चार ठिकाणी विचारला असं समजा. आभाळाची उजळता २०० आहे आणि भिंतीची ०. चारपैकी एक बिंदू भिंतीत पडला तर सरासरी १५०, दोन पडले तर १००, तीन पडले तर ५०. मधल्या छटा मिळाल्या. (प्रत्यक्षात स्क्रीनचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांच्या अर्ध्या-अर्ध्या प्रकाशाचा आकडा १२८ नसून १८८ च्या आसपास येतो. चांगले गेम सरासरी काढताना हे लक्षात घेतात.)

## तुटक्या तारेचं दुखणं वेगळं

कर्वे रस्त्यावरून जाणारी मेट्रो कुणी गेममध्ये हुबेहूब उभी केली असं धरू. तिच्या वरची वीजवाहक तार साधारण एक-सव्वा सेंटिमीटर जाडीची. खेळणारा पन्नास मीटरवर उभा आहे आणि त्याला नव्वद अंशांचं दृश्य दिसतं आहे. त्या अंतरावर स्क्रीनच्या रुंदीत शंभर मीटर मावतात. शंभर मीटर भागिले १,९२०, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वापाच सेंटिमीटर. तार त्याच्या पाव भागाइतकी सुद्धा जेमतेम भरते.

आता मध्यबिंदूचा तोच एक प्रश्न विचारा. किंचित तिरक्या जाणाऱ्या तारेवर साधारण चारांतल्या एका पिक्सेलचा मध्यबिंदू पडेल आणि बाकीचे तिन्ही हुकतील. म्हणून तार ठिपक्याठिपक्यांची दिसते. खेळणारा एक पाऊल सरकला की ठिपके दुसरीकडे जातात आणि तार लुकलुकल्यासारखी वाटते. जाळीचं कुंपण, गॅलरीचे गज, लांबची झाडं, सगळीकडे हेच होतं.

फरक इथे आहे. टपाच्या पायऱ्यांमध्ये कडेची माहिती चित्रात असते, फक्त ओबडधोबड असते. तुटक्या तारेच्या मधल्या जागेत तार होती ही माहितीच चित्रात उतरलेली नसते.

## सगळ्यात सरळ उपाय, आणि तो मागे का पडला

सरळ उपाय म्हणजे जास्त प्रश्न विचारणे. पूर्ण चित्र दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच काढायचं आणि मग आकसून स्क्रीनवर बसवायचं. बारीक विणीच्या कापडावर भरून ते लांबून पाहण्यासारखंच हे. निकाल उत्तम येतो, तारासुद्धा पुष्कळ सुधारतात. पण २०,७३,६०० च्या जागी ८२,९४,४०० पिक्सेल रंगवावे लागतात. काम चौपट.

यावर तोड म्हणून एमएसएए ही पद्धत आली. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या २००१ सालच्या जीफोर्स ३ कार्डात ती होती. आत की बाहेर, हा स्वस्त प्रश्न चार ठिकाणी विचारायचा, पण रंग काढण्याचं महागडं काम एका त्रिकोणासाठी पिक्सेलमागे एकदाच करायचं. बरीच वर्षं हीच पद्धत चालली. मग गेमची प्रकाशयोजना बदलली. आधी सगळ्या वस्तूंची माहिती साठवायची आणि प्रकाश नंतर एकदम टाकायचा, अशी रचना आली. तिच्यात रस्त्यावरचे शेकडो दिवे परवडतात, पण एमएसएए तिच्यात फार जड पडतं. शिवाय झाडाचं पान किंवा कुंपणाची जाळी हा बहुतेक वेळा एक मोठा सपाट त्रिकोण असतो आणि त्यावर भोकांचं चित्र चिकटवलेलं असतं. त्या भोकांच्या कडा त्रिकोणाच्या कडा नसल्यामुळे एमएसएएला त्या दिसतच नाहीत.

या बदलाच्या काळातले काही गेम अधांतरी राहिले. जीटीए ४ ची २००८ सालची पीसी आवृत्ती अँटी-एलिअसिंगशिवायच आली होती. आजचं कार्ड कितीही मोठं असलं तरी त्या गेमच्या मूळ सेटिंगमध्ये कडा गुळगुळीत करायचं बटणच नाही. इथे मॉडची खरी गरज आहे.

## तयार चित्र पाहून अंदाज बांधणारी पद्धत

२००९ मध्ये इंटेलच्या अलेक्झांडर रेशेतोव यांनी एक वेगळी वाट दाखवली. चित्र पूर्ण होऊ द्या, मग त्यात पायऱ्यांचे आकार शोधा आणि मूळ रेघ कशी असेल याचा अंदाज बांधून रंग मिसळा. त्यानंतर एनव्हिडियाच्या टिमोथी लॉट्स यांनी एफएक्सएए ही अतिशय हलकी पद्धत बांधली. पुढे स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठातल्या आणि क्रायटेक कंपनीतल्या मंडळींनी मिळून एसएमएए तयार केली, २०१२ मध्ये तिचा शोधनिबंध आला. मॉड टाकून कडा घासायच्या असतील तर माझी पसंती आजही एसएमएएलाच आहे.

तिचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. समजा गच्चीच्या कठड्याची कडा आठ पिक्सेल सरळ जाते, मग एक पिक्सेल खाली उतरते, पुन्हा आठ पिक्सेल सरळ, पुन्हा एक खाली. एसएमएए आधी शेजारशेजारच्या पिक्सेलमधला उजळतेचा फरक पाहून ही कडा पकडते. मग त्या आठ पिक्सेलांच्या दोन्ही टोकांपर्यंत चाचपत जाते. डावीकडे पायरी वर, उजवीकडे खाली, म्हणजे मूळ रेघ एका पायरीच्या मध्यापासून दुसऱ्या पायरीच्या मध्यापर्यंत सरळ गेली असणार, असं ती धरते. त्या रेघेने प्रत्येक पिक्सेलचा किती भाग कापला असता, हे आधीच तयार करून ठेवलेल्या कोष्टकातून तिला मिळतं. पायरीला चिकटलेल्या पिक्सेलमध्ये शेजारचा रंग सुमारे ४४ टक्के मिसळतो, पुढच्यात ३१, मग १९, मग ६. दुसऱ्या टोकाकडून हेच उलट बाजूने. चार पिक्सेलांत उतरत जाणारी छटा तयार होते आणि पायरी विरते.

एफएक्सएएसुद्धा कडाच शोधतं, पण इतक्या बारकाईने आकार ओळखत नाही, त्यामुळे कडेसोबत भिंतीवरचा खरखरीतपणा आणि अक्षरंही थोडी पुसट करतं. फार जुन्या लॅपटॉपवर मात्र ते बरं पडतं.

तुटक्या तारेचं काय, हे आता तुम्हीच सांगू शकाल. तयार चित्रात दोन ठिपक्यांच्या मध्ये नुसतं आभाळ आहे. एसएमएए तिथे तार आणणार कुठून? ती ठिपक्यांच्या कडा तेवढ्या मऊ करते.

## मॉड गेममध्ये शिरतो कसा

मॉड म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या कुणी केलेली जोड किंवा दुरुस्ती. कडांसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा म्हणजे रीशेड. तो फुकट आहे आणि एकाच गेमपुरता नाही.

गेम चित्र काढण्यासाठी विंडोजच्या डायरेक्टएक्ससारख्या सुविधेशी बोलतो. त्यासाठी लागणारी फाइल शोधताना विंडोज सहसा आधी गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहतं. रीशेड तिथे डीएक्सजीआय किंवा डी३डी९ अशा त्याच नावाची स्वतःची डीएलएल फाइल ठेवतो. गेम तीच उचलतो, रीशेड त्याचं सगळं बोलणं पुढे खऱ्या फाइलकडे पोचवतो, आणि तयार झालेलं चित्र स्क्रीनवर जाण्याआधी त्यावर एसएमएए चालवतो. गेमच्या मूळ फाइलींना तो हात लावत नाही. नको झाला तर त्याच इन्स्टॉलरमधून काढता येतो.

टाकताना इन्स्टॉलरमध्ये गेमची ईएक्सई, म्हणजे गेम सुरू करणारी मुख्य फाइल, निवडायची. तो डायरेक्टएक्स, ओपनजीएल की व्हल्कन हे बहुतेक वेळा स्वतः ओळखतो. इफेक्टच्या यादीतलं मूळ पॅकेज घ्यायचं, त्यात एसएमएए असतं. गेम सुरू करून कीबोर्डवरचं होम बटण दाबलं की रीशेडची खिडकी उघडते, तिथे एसएमएएसमोर टिक करायची. बाकी रंग भडक करणारे, चमक वाढवणारे पंधरा इफेक्ट मुलं हौसेने लावतात आणि मग गेम अडकतो म्हणून तक्रार करतात. कडांसाठी एक टिक पुरते.

त्याच खिडकीत एसएमएएने पकडलेल्या कडा दाखवण्याचा पर्याय आहे, तो एकदा तरी लावून पाहाच. सगळं चित्र काळं होतं आणि फक्त कडांच्या रेघा उरतात. खिडक्या, फुटपाथ, गाडीचा टप या रेघांत दिसला पाहिजे. नसेल तर कडा ओळखण्याची मर्यादा ०.१० वरून ०.०५ वर आणायची. उलट रस्त्यावरचा प्रत्येक खडा रेघांत चमकत असेल तर ती मर्यादा फार खाली गेली आहे.

एक अडचण मात्र राहते. गेममध्ये मुळातच असलेलं एसएमएए आधी चालतं आणि नकाशा, सबटायटल, पैशांचा आकडा त्यावर नंतर काढला जातो. बाहेरून आलेल्या रीशेडच्या हाती सगळं काही काढून झाल्यावरचं चित्र पडतं, त्यामुळे अक्षरांच्या कडाही त्याच्या तावडीत सापडतात. एसएमएएमध्ये हे थोडं जाणवतं, एफएक्सएएमध्ये बरंच. म्हणून एखाद्या गेमसाठी खास केलेला मॉड असेल तर तो आधी पाहावा. जीटीए ४ साठी फ्यूजनफिक्स नावाचा मॉड आहे. तो गेमच्या मेनूमध्येच एफएक्सएए आणि एसएमएए आणून देतो, शिवाय इतर जुन्या चुकाही दुरुस्त करतो.

## मग तारांसाठी काहीच नाही का?

आहे, आणि त्याला मॉडसुद्धा लागत नाही. जुना गेम आणि नवं कार्ड अशी जोडी असेल तर तो चौपट कामाचा महाग उपाय आज सहज परवडतो. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये डीएसआर आणि कार्ड बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या, एएमडीच्या, सेटिंगमध्ये व्हीएसआर नावाचा पर्याय २०१४ पासून आहे. तो चालू केला की फुल एचडी मॉनिटरवरही गेमच्या यादीत ३,८४० बाय २,१६० दिसू लागतं. ते निवडलं की कार्ड मोठं चित्र काढून आकसून दाखवतं. आपल्या मेट्रोच्या तारेसाठी एका पिक्सेलमध्ये चार प्रश्न विचारले गेले, तार पुष्कळशी सलग आणि फिकट झाली. त्यावर एसएमएए लावलं तर २००८ च्या गेमसाठी याहून चांगलं चित्र मला माहीत नाही. काही जुन्या गेममध्ये नकाशा आणि अक्षरं बारीक होतात, तेवढं सोसावं लागतं.

## नव्या गेममध्ये तक्रार उलटी: सगळं धुरकट का?

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मोठ्या गेममध्ये टीएए असतं. एका चित्रात चार प्रश्न विचारण्याऐवजी ही पद्धत एकामागून एक येणाऱ्या चित्रांत ते वाटून देते. प्रत्येक वेळी कॅमेरा पिक्सेलच्या काही भागाइतका सरकवायचा, आणि जुन्या चित्रांची उत्तरं नव्यात मिसळायची. उभं राहून पाहिलं तर तारसुद्धा सुरेख सलग दिसते, कारण आता माहिती खरोखर गोळा झालेली असते. अडचण हालचालीची. वस्तू हलली की जुनं उत्तर कुठल्या पिक्सेलकडे न्यायचं हे गेमला सांगावं लागतं. ते चुकलं तर गाडीमागे सावलीसारखी छाया रेंगाळते, आणि जुनं चित्र दर वेळी सरकवून मिसळताना बारकावे थोडे थोडे पुसले जातात, म्हणून चित्र धुरकट होतं.

मुलं विचारतात, मग मॉडने टीएए बंदच करून टाकलं तर? काही गेममध्ये जमतं. पण आजच्या पुष्कळ गेममध्ये केस, सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं मुद्दाम विरळ ठिपक्यांत काढलेली असतात, टीएए ती पुढे सलग करेल या भरवशावर. ते काढलं की केस मुंग्या आल्यासारखे दिसतात. मग रीशेडचं एसएमएए लावूनही ते सावरत नाही.

इथे उपयोगी पडतात ते दुसऱ्या जातीचे मॉड. ते लहान आकारात काढलेलं चित्र मोठं करणाऱ्या डीएलएसएस, एफएसआर यांसारख्या पद्धतींशी निगडित आहेत. एनव्हिडियाचं डीएलएसएस २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, आणि एएमडीचं एफएसआर २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, टीएएसारखीच जुन्या चित्रांतली माहिती वापरतं. डीएलएसएसमध्ये ती कशी मिसळायची हे शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क ठरवतं, म्हणून ते बऱ्याचदा साध्या टीएएपेक्षा स्वच्छ दिसतं. त्यासाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स मालिकेतलं कार्ड लागतं. गेमसोबत आलेली डीएलएसएसची जुनी डीएलएल काढून नवी ठेवणं हा लोकप्रिय मॉड आहे, आणि एनव्हिडियाच्या स्वतःच्या ॲपमध्येही २०२५ पासून अनेक गेमसाठी तशी सोय आहे. कार्ड आरटीएक्स नसेल तर ऑप्टिस्केलर हा मॉड डीएलएसएससाठी गेम जी माहिती तयार करतो तीच घेऊन एफएसआर किंवा इंटेलचं एक्सईएसएस चालवतो. हालचालीची माहिती गेमकडून मिळत असल्यामुळे या मॉडची पोच रीशेडच्या एसएमएएपेक्षा फार पुढची आहे. ज्या जुन्या गेममध्ये ती माहिती तयारच होत नाही, तिथे मात्र ते सरळ चालत नाहीत.

## बॅन होईल का? व्हायरस येईल का?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये बॅनचा, म्हणजे खातं बंद होण्याचा, प्रश्न नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये मात्र माझं मुलांना स्पष्ट सांगणं असतं: टाकू नका. व्हॅलोरंटच्या व्हॅनगार्डसारखी फसवणूक पकडणारी यंत्रणा गेममध्ये शिरणाऱ्या अनोळखी फाइलकडे संशयानेच पाहते, आणि तुमचा हेतू कडा घासण्याचा होता हे तिला कळायला मार्ग नाही. रीशेडची दोन रूपं मिळतात, साधं आणि सर्व ॲड-ऑन चालणारं. दुसरं फक्त एकट्याच्या गेमसाठीच आहे.

व्हायरसची भीती रास्त आहे, कारण गेमच्या फोल्डरमध्ये डीएलएल ठेवणं हे काम घातक प्रोग्रामही करतात. म्हणून रीशेड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. टेलिग्रामवर कुणी "अल्ट्रा ग्राफिक्स पॅक" म्हणून दिलेली झिप उघडू नये. पैसे मागणारा रीशेड तर नक्कीच खोटा.

वेग किती कमी होतो? सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. एसएमएए साध्या कार्डावरही त्यातला लहानसा वाटा घेतं. लॅपटॉपच्या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळत असाल तर मात्र आधी आणि नंतर आकडा बघून ठरवा.

## आणि ४के मॉनिटरच घेतला तर?

४के म्हणजे ३,८४० बाय २,१६० पिक्सेलांचा मॉनिटर. घरात हा प्रश्न वडील विचारतात, कारण बिल त्यांच्याकडे जातं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा एक पिक्सेल साधारण ०.२८ मिलिमीटरचा असतो. साठ सेंटिमीटरवरून तो अंशाच्या साठाव्या भागाच्या दीडपटीहून थोडा मोठा दिसतो. निरोगी डोळा साधारण त्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखतो, म्हणजे या मॉनिटरवर पायऱ्या दिसणारच. २७ इंची ४के मॉनिटरचा पिक्सेल ०.१६ मिलिमीटरच्या आत येतो आणि त्या मर्यादेच्या किंचित खाली जातो. पायऱ्या पुष्कळ बुजतात. पण रेघ मध्येच किंचित सरकली आहे हे ओळखण्यात आपला डोळा त्याहून कित्येक पट तीक्ष्ण आहे, त्यामुळे हलत्या चित्रात कडेची वळवळ ४के वरही जाणवते. आणि पन्नास मीटरवरची ती मेट्रोची तार तिथेही अर्ध्या पिक्सेलपेक्षा बारीकच राहते. मॉनिटर मोठा घेतला तरी अँटी-एलिअसिंग लागेल, आणि चौपट पिक्सेल रंगवायला कार्डही त्या तोलाचं लागेल. सध्याच्या मॉनिटरवर जुन्या गेमला एसएमएए आणि डीएसआर, नव्याला डीएलएसएस किंवा एफएसआर, हे आधी करून पाहा. त्याला एक रुपया लागत नाही.